किड्याचें चित्र आणि त्याची चिठ्ठी

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यास वारले आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या शहरीं उभें राहिलें. राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून, माळ्यांवरचीं आणि कोनाड्यांतलीं दप्तरें उघडून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवाचे बावीस खंड प्रसिद्ध केले, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. त्या खटाटोपामुळें मराठी वाचकांस जी एक शिस्त लागली ती मात्र पुन्हा सांगण्याजोगी आहे. जुना कागद हातीं आला म्हणजे जाणता मनुष्य आधीं मजकूर वाचीत नाहीं. तो तीथ पाहतो, शक पाहतो, गांवाचें नांव पाहतो, आणि कागद कोणाच्या घरीं सांपडला हें विचारतो. एवढें कळलें तर चार ओळींची देण्याघेण्याची याददास्तही इतिहासाचें साधन होते. न कळलें तर वळणदार अक्षरांत लिहिलेली लांबलचक कैफियतही संशयांत राहते.

हीच कसोटी आज आम्ही एका निराळ्या जातीच्या कागदास लावूं पाहत आहों. तो कागद म्हणजे किड्याचें किंवा कोळ्याचें अगदीं जवळून घेतलेलें छायाचित्र. मॅक्रो छायाचित्रण या नांवानें ओळखला जाणारा हा छंद आतां मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाहीं. जळगांव-धुळ्याकडील शिक्षक, डॉक्टर, कचेरींतले नोकर आणि कॉलेजांतलीं मुलें रविवारची सकाळ त्यापायीं घालवितात. इतिहासाच्या लेखांत किड्याचें काय काम, असें कोणास वाटल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. परंतु आमचें म्हणणें असें कीं, अशा छायाचित्रास ठिकाण आणि तारीख यांची खरी चिठ्ठी जोडलेली असली तर तें खानदेशाच्या इतिहासाचें साधन होय, आणि ती नसली तर तें, कितीही मोहक असो, एक सुंदर बेवारस कागद होय.

खानदेशांत या छंदासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. धुळ्याजवळचें लळिंगचें रान, चाळीसगांवच्या दक्षिणेस पाटणादेवीचें जंगल, यावल-रावेरच्या वरची सातपुड्याची उतरण, शिरपूरकडील अनेर धरणाचा परिसर, हीं तर ठिकाणें आहेतच; यांपैकीं कोठेंही जाणें न घडलें तर घरामागची एक बाभूळ पुरते. बाभळीच्या सालीला बिलगून सालीच्याच रंगाचा कोळी बसलेला असतो. बांधावरच्या झुडपांत दुसरा एक कोळी आपल्या जाळ्याच्या मध्यभागीं पांढऱ्या नागमोडी रेशमाची फुली विणतो आणि आठ पाय जोडीजोडीनें जुळवून तीवर उलटा लटकून राहतो. ती फुली तो कशासाठीं विणतो, भक्ष्याला भुलविण्यासाठीं कीं पाखरांना जाळें दिसावें म्हणून, याबद्दल शास्त्रज्ञांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. उन्हाळ्यांत जळगांवचा पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, तेव्हां हें सारें पाहावयाचें तें उजाडतां उजाडतां. रात्रीच्या गारव्यानें किडे जड झालेले असतात. ऊन लागलें कीं त्यांना पाय फुटतात आणि छायाचित्रकाराच्या हातीं पान तेवढें उरतें. झुडपापाशीं गुडघे टेकून, श्वास रोखून बसलेल्या अशा मनुष्यास वाटसरू थांबून "काय हरवलें?" असें विचारतात, आणि त्यास काय उत्तर द्यावें हें कोणासच सुचत नाहीं.

वास्तविक बारीक जिवांकडे निरखून पाहणें ही या मुलखास नवी गोष्ट नव्हे. जळगांवजवळच्या आसोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. पण सुगरणीच्या खोप्याकडे त्यांनीं जसें पाहिलें तसें पाहणें शाळेंत शिकवून येत नाहीं. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यापाशींही मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, बोंडअळी अशी शब्दसंपत्ति पिढ्यानपिढ्या आहे. मात्र ती बहुतेक शत्रूंच्या नांवांची यादी आहे. ज्या किड्यानें पिकाचें कांहीं बिघडविलें नाहीं त्यास आम्ही 'किडा' एवढेंच म्हणतों आणि चपलेनें बाजूस सारतों.

किड्याचें रूप कागदावर उतरविण्याची हौस युरोपांत छायाचित्रणाच्या कितीतरी आधींची. इंग्लंडांत रॉबर्ट हुक यानें १६६५ सालीं 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ काढला. त्यांतील पिसवेचें चित्र घडी उलगडून पाहावें लागे एवढें मोठें होतें, आणि आपल्या अंथरुणांतला प्राणी असा चिलखत घातलेल्या वीरासारखा दिसतो हें पाहून वाचक थक्क झाले. छायाचित्रणाचे एक जनक फॉक्स टाल्बट यांनीं १८४० च्या सुमारास सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकांतून कीटकांच्या पंखांचीं चित्रें घेतलीं. म्हणजे छायाचित्रण पाळण्यांत होतें तेव्हांच त्याचें लक्ष किड्यांकडे गेलें होतें. फ्रान्सांत झां आंरी फाब्र यांनीं आयुष्यभर माश्या, भुंगे आणि कोळी यांचें जीवन लिहिलें, आणि त्यांच्या मुलानें त्या लेखनासाठीं छायाचित्रें काढलीं. अमेरिकेंत डेव्हिड व मेरियन फेअरचाइल्ड या पतिपत्नींनीं १९१४ सालीं 'बुक ऑफ मॉन्स्टर्स' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. लांबच लांब भात्याचा कॅमेरा करून त्यांनीं आपल्याच परसांतले नाकतोडे आणि कोळी राक्षसांएवढे करून दाखविले. पण ते किडे मारलेले होते. मेणाच्या ठोकळ्यावर त्यांचे पाय नीट मांडून मग चित्र घेतलेलें होतें, आणि हें त्यांनीं लपविलें नव्हतें, कृतीसह सांगितलें होतें. ही प्रांजळ कबुली वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याशीं पुढें आमचें काम आहे.

जिवंत किड्याचें चलत् चित्र घेणाऱ्यांत पर्सी स्मिथ हा इंग्रज कारकून प्रसिद्धीस आला. १९१० सालीं दाखविल्या गेलेल्या त्याच्या चित्रपटांत एक माशी उताणी होऊन आपल्या पायांवर काडी आणि चेंडू खेळविते. प्रेक्षक हंसले, मग माशीस पीडा झाली असेल म्हणून रागावले, आणि स्मिथला खुलासा करावा लागला. असा खुलासा मागणारे प्रेक्षक आम्हांस आवडतात.

याच सुमारास आमच्याकडे काय चाललें होतें? १९१२ सालीं त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले. कथाचित्रपटासाठीं भांडवल हवें होतें, आणि या नव्या विद्येवर कोणाचा विश्वास बसत नव्हता. तेव्हां त्यांनीं कुंडींत वाटाणा लावला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि दिवसानुदिवस थोडथोड्या चौकटी टिपीत बी फुटून वेल वर चढेपर्यंतचा सारा काळ मिनिटाभराच्या पट्टींत आणला. 'अंकुराची वाढ' म्हणून तें चित्र ओळखलें जातें. तें पाहून पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला. हिंदी चित्रपटाच्या जन्माची कथा सांगतांना आम्ही राजा, राणी, विश्वामित्र यांचाच उल्लेख करितों. परंतु त्या राजाच्या आधीं कॅमेऱ्यापुढें वाटाण्याचा कोंब उभा होता, आणि त्या कोंबास कोणतीही भूमिका शिकवावी लागली नव्हती.

जवळून चित्र घेण्यांत अवघड काय, असें ज्यांनीं कॅमेरा हातीं घेतलेला नाहीं ते विचारतील. पन्नास मिलिमीटरचें साधें भिंग फिल्मपासून आणखी पन्नास मिलिमीटर पुढें सरकविलें म्हणजे समोरची वस्तु फिल्मवर तिच्या मूळ आकाराएवढी उमटते. सरकविण्याचें हें काम भात्यानें किंवा पोकळ नळ्यांनीं होतें. यांत गूढ कांहीं नाहीं. पण भिंग पुढें जाईल तसा प्रकाश पातळ होतो, आणि मूळ आकाराएवढें चित्र घेतांना तो चौथ्या हिश्श्यावर येतो. त्याहून मोठी अडचण खोलीची. भिंगाचें छिद्र लहान करून अकराच्या अंकावर ठेवलें, तरी चित्रांत स्पष्ट उमटणाऱ्या भागाची जाडी सुमारें सव्वा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून कमी. उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे तेजस्वी दिसूं लागले तर त्याची पाठ धुक्यांत जाते. पाठीवर नजर स्थिर करावी तर डोळे विझतात. हल्लीं एकाच किड्याचीं क्रमानें पुढें-मागें सरकवून घेतलेलीं दहा-वीस किंवा अधिक चित्रें संगणकावर एकत्र रचून ही खोंच भरून काढतां येते, पण त्यासाठीं किडा तितका वेळ स्तब्ध हवा. जुन्या काळीं तर छत्तीस चित्रांचें रीळ, मंद फिल्म, आणि धुवून येईपर्यंत आठवडाभर जिवाची तगमग, असा सारा खेळ होता.

या प्रकरणांतील एक योगायोग आम्हांस फार आवडतो. जपानांत १९५६ सालीं निकॉन कंपनीनें 'मायक्रो-निकॉर' या नांवाचें भिंग काढलें. पुढें जगभरच्या किडे टिपणाऱ्यांच्या हातीं या घराण्याचीं भिंगें गेलीं. पण पहिलें भिंग किड्यांसाठीं घडविलेलेंच नव्हतें. जपानी चित्रलिपींतील दाट, बारीक रेघांचीं अक्षरें सूक्ष्म फिल्मवर स्वच्छ उतरावीत, म्हणजे कागदपत्रांच्या नकला नीट ठेवतां याव्यात, यासाठीं तें जन्मास आलें. दप्तराच्या पोटीं जन्मलेलें हें भिंग कोळ्याच्या जाळ्यापुढें जाऊन बसलें, यांत राजवाड्यांच्या शहरीं राहणाऱ्यांस तरी परकें कांहीं वाटूं नये.

दप्तर आणि छायाचित्र यांचें नातें खानदेशांत त्याहूनही जुनें दाखवितां येईल. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे; भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ चालविला, हें त्यावरून कळतें. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे १८५४ सालीं निघालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे उत्साही सभासद आणि आद्य हिंदी छायाचित्रकारांपैकीं एक. एकाच घरांत एक भाऊ दगडावरची तीथ वाचीत होता आणि दुसरा काचेवर प्रकाश धरीत होता. पुढें १८८३ सालीं मुंबईंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले वैद्यक व्यवसायी होते. किडे-पाखरें पाहणें हा केवळ साहेबांचा छंद, ही समजूत तेव्हांही पुरती खरी नव्हती.

आणि त्याच चाळीसगांवास, स्टेशनाजवळच्या दगडी घरांत, केकी मूस राहत होते. कैखुश्रू माणेकजी मूस, जन्म २ ऑक्टोबर १९१२, मृत्यु ३१ डिसेंबर १९८९. विलायतेंत कलाशिक्षण घेऊन हा पारशी तरुण १९३८ च्या सुमारास चाळीसगांवास परतला आणि पुढचीं सुमारें पन्नास वर्षें जवळजवळ घराबाहेर पडला नाहीं. गाडीनें कोणीतरी येणार होतें आणि तिची वाट पाहत ते दार उघडें ठेवून बसत, अशी कथा त्या गांवीं सांगतात. तिच्यांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस त्यांचें टेबल महत्त्वाचें वाटतें. चार हात लाकडावर कापूस, वाळक्या काटक्या, आरशाचा तुकडा, खडे असल्या घरगुती वस्तु मांडून, दिवे हवे तसे ठेवून, ते जवळून चित्र घेत. आणि त्या चित्रांत हिमवर्षाव होई, तळीं चकाकत, ओसाड रानांत एकटें झाड उभें राही. 'टेबल-टॉप' छायाचित्रण या नांवानें ही कला ओळखली जाते आणि मूस यांचें नांव तींत देशोदेशीं झालें. त्यांचें घर आतां संग्रहालय म्हणून जपलें आहे. जळगांव जिल्ह्यांतील वाचकांनीं ते अद्याप पाहिलें नसल्यास त्यांनीं स्वतःवर थोडा राग करावा.

काटकीचा वृक्ष आणि कापसाचा हिमालय, हें लबाड काम होतें काय? मुळींच नव्हे. मूस यांनीं तीं चित्रें टेबलावरचीं म्हणूनच जगापुढें ठेविलीं. पाहणारा जाणून-बुजून फसतो आणि फसण्याचा आनंद घेतो. किडे टिपणाऱ्यांच्या जगांत मात्र अलीकडे एक निराळा प्रकार दिसतो. कोळ्यास शीतकपाटांत ठेवून बधिर करावयाचें, मेलेल्या माशीस फुलावर डिंकानें चिकटवावयाचें, दव म्हणून पिचकारीनें थेंब उडवावयाचे, आणि चित्राखालीं 'रानांतील एक क्षण' असें लिहावयाचें. फेअरचाइल्ड पतिपत्नींनींही मेलेले किडे मांडले, पण तसें सांगून. मूस यांनींही मांडलें, तेंही सांगून. या नव्या मंडळींचा दोष मांडण्यांत नाहीं, न सांगण्यांत आहे. बक्षिसें मिळतात, वाहवा होते, आणि तें चित्र पुढें कोणी पुरावा म्हणून हातीं घेतलें तर तो माणूस फसतो.

खोट्या चिठ्ठीनें किती नुकसान होऊं शकतें, याचें जगांतलें एक ठळक उदाहरण खानदेशांतच घडलें आहे. तें किड्याचें नसून पक्ष्याचें आहे, तरी येथें सांगणें अवश्य आहे. रानपिंगळा हें लहान घुबड ह्यूम यांनीं १८७३ सालीं, ब्लेविट यांनीं आदल्या वर्षीं आजच्या छत्तीसगडांत मिळविलेल्या नमुन्यावरून जगापुढें आणलें. पुढें जेम्स डेव्हिडसन नांवाचा मुलकी अधिकारी खानदेशांत होता. त्यानें १८८२ सालीं पश्चिम खानदेशांतील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि शहाद्याच्या बाजूस रानपिंगळ्याचे नमुने मिळविले. (हाच डेव्हिडसन पुढें कारवारकडे बदलून गेल्यावर बेल आणि एटकेन या सोबत्यांबरोबर सुरवंट पाळून त्यांचीं फुलपाखरें होईपर्यंत टिपणें ठेवीत बसला, एवढें कीटकप्रेमी वाचकांसाठीं.) १८८४ नंतर रानपिंगळा कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीं शोध केला, तोही व्यर्थ गेला.

संग्रहालयांत मात्र एक नमुना होता, कर्नल मायनर्ट्‌झहेगन याच्या नांवाचा: ठिकाण तापीकांठचें मांडवी, साल १९१४. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनीं या कर्नलाचे नमुने तपासावयास घेतले, तेव्हां एकामागून एक चोऱ्या उघडकीस आल्या. क्ष-किरणांखालीं धरलेल्या कातड्याच्या आंत डेव्हिडसनच्या हातची पेंढा भरण्याची रीत दिसली. म्हणजे खानदेशांतलाच पक्षी ब्रिटिश संग्रहालयांतून उचलून, पुन्हा शिवून, त्यास नवें गांव आणि नवें साल चिकटविलेलें होतें. मांडवीची चिठ्ठी खोटी ठरली, तशी शोधाची दिशा बदलली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनीं जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरचीं ठिकाणें घेतलीं. पूर्वेकडे कांहीं हातीं लागलें नाहीं म्हणून ते खानदेशांत आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळ, एकशें तेरा वर्षांनीं, तो पिंगळा सकाळच्या उन्हांत फांदीवर बसलेला दिसला. या वेळीं कोणी बंदूक उचलली नाहीं. त्याचें छायाचित्रण झालें. शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. पुढच्या वर्षीं नंदुरबार जिल्हा निराळा झाला. डेव्हिडसननें आपल्या चिठ्ठ्यांवर नुसतें 'दक्षिण हिंदुस्थान' असें लिहून ठेविलें असतें, तर हे तिघे कोठें गेले असते?

येथें कोणी म्हणेल कीं, मग किड्यांचेही नमुनेच गोळा करावेत, चित्रें कशाला? या शंकेंत तथ्य आहे, आणि छंदी मंडळींनीं तें मनावर घ्यावें. कोळ्याची जात नक्की करावयाची तर बहुधा नराच्या तोंडाजवळील स्पर्शकांची आणि मादीच्या जननांगाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी लागते. पाठीवरची नक्षी कितीही सुंदर टिपली तरी ती पुष्कळदां पुरत नाहीं. पोकॉक यांचा हिंदुस्थानांतील कोळी-विंचवांवरचा ग्रंथ १९०० सालचा आणि पुण्यास प्राणिसर्वेक्षणाचें काम केलेल्या टिकादर यांचें कोळ्यांवरील हस्तपुस्तक १९८७ चें. दोन्ही उघडून पाहिलीं तर छायाचित्रावरून बेधडक नांव ठोकून देण्याची संवय सुटेल. पण चित्र हें शोधाचें पहिलें पाऊल असूं शकतें. ठाण्यासारख्या गजबजलेल्या शहरांतून २०२१ सालीं उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात शास्त्राच्या नोंदींत आली. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यांत हल्लेखोरास जिवंत पकडून देतांना प्राण दिलेले पोलिस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिचें 'आयसियस तुकारामी' असें नांव ठेविलें गेलें. लोकलगाड्यांच्या आवाजांत अनोळखी कोळी राहूं शकतो, तर सातपुड्याच्या उतरणीवर काय काय असेल, याचा अंदाज ज्यानें त्यानें करावा.

शिवाय चित्रास एक गोष्ट साधते ती सुईवर टोंचलेल्या नमुन्यास साधत नाहीं: तें किड्याचें वागणें दाखवितें, आणि शेतकऱ्याच्या हातीं पोहोंचतें. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आंत राहते; बाहेरून बोंड धडधाकट दिसतें. तिच्या उपद्रवाची लवकर दिसणारी खूण म्हणजे पाकळ्या न उमलतां गुलाबकळीसारखें मिटून राहिलेलें फूल, ज्यास शेतकरी डोमकळी म्हणतात. बीटी कापूस २००२ सालीं आला तेव्हां बोंडअळीचा विषय संपला असें पुष्कळांस वाटलें. २०१७ च्या हंगामांत तीच गुलाबी अळी महाराष्ट्रभर कापसांत शिरली आणि त्या समजुतीची मोठी किंमत मोजावी लागली. ज्या शेतांत, ज्या आठवड्यांत पहिली डोमकळी दिसली तिचें तारीखवार चित्र कोणीं घेतलेलें असेल, तर तें त्या आपत्तीच्या इतिहासाचें पहिल्या प्रतीचें साधन आहे. दुसरी गोष्ट ढालकिड्याची. पूर्ण वाढलेला ढालकिडा लाल, गोल, देखणा. त्यास मावा खाणारा मित्र म्हणून बहुतेक ओळखतात. पण त्याची अळी काळसर, कांटेरी, सुसरीच्या पिलासारखी दिसते, आणि माव्याचा फडशा तीही पाडीत असतांना शत्रु समजून तिच्यावर फवारा जातो. या अळीचें एक स्पष्ट चित्र गांवच्या चावडींत लागलें तर किती फवारे वांचतील!

मृगाच्या किड्याचें काय? पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली कीं मखमलीसारखा लाल भडक, इवलासा जीव मातींतून वर येतो आणि थोड्या दिवसांत दिसेनासा होतो. मुलें त्यास तळहातावर घेतात. त्यास आठ पाय असतात. म्हणजे तो खरोखर किडा नव्हेच, कोळ्यांचा भाऊबंद आहे. त्याचीं चित्रें दरवर्षीं शेंकड्यांनीं काढलीं जातात आणि पाहून विसरलीं जातात. तींच जर तीस वर्षें, एकाच माळावर, तारखेसह जमविलीं, तर खानदेशांत पाऊस कधीं आला, कधीं लांबला, कोणत्या वर्षीं मृग कोरडा गेला, याची एक वही तयार होईल. आणि ती लिहिणारास पावसाविषयीं एक अक्षरही लिहावें लागलेलें नसेल.

चिठ्ठींत काय असावें हें कोणी विचारील तर आम्ही एवढेंच सांगूं. गांव आणि शिवार. जिल्हा तर हवाच, कारण जिल्ह्यांचीं नांवें बदलतात. तारीख आणि सकाळ कीं सायंकाळ; नक्षत्र लिहिलें तर अधिक बरें. कोणत्या झाडावर, पानाच्या वर कीं खालीं. किडा काय करीत होता. आणि शेवटीं एक शब्द, ज्यासाठीं केकी मूस यांच्या टेबलाची आठवण ठेवावी: सांपडलेला, कीं मांडलेला.